फिल्म आत गेल्यावर

“मावशी, जरा वाट देता का?” असं तो म्हणाला, आणि चपलांच्या दुकानाच्या काचेसमोर फुटपाथ अडवून उभी असलेली बाई वळली, तर ती त्याची बायको निघाली. एवढंच झालं. कोणाचा पाय मुरगळला नाही, कोणाच्या हातातलं काही सांडलं नाही. संध्याकाळची वेळ, ऑफिसं सुटलेली, फुटपाथ अर्धा खणून ठेवलेला, त्यामुळे माणसांना दुकानांच्या कडेकडेने एकामागून एक जावं लागत होतं. ती आधी त्याच्याकडे बघतच राहिली, मग हसली. “अहो, मावशी काय!” म्हणाली. तोही हसला. पाठमोरी होतीस, ओळखलं नाही, ही पिशवी कधी घेतलीस, असं काहीबाही बोलत त्याने सारवासारव केली आणि ती पिशवी स्वतःच्या हातात घेतली. दोघं घरी गेली. पण जिना चढताना त्याला माहीत होतं, ती पाठमोरी होती हे अर्धंच खरं होतं. दुकानाच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. चांगला स्वच्छ दिसत होता. त्याने तो बघितला होता, किती दमलेली दिसते बिचारी, असं मनात म्हणालाही होता, आणि मग तिच्याकडे वाट मागितली होती.

तिने ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. कपडे दुरुस्तीच्या ज्या दुकानात ती बसते तिथल्या मालकिणीला सांगितली, बहिणीला सांगितली, आणि मुलीला फोनवर सांगताना फोन स्पीकरवर ठेवला. “तुझ्या बाबांनी मला भर रस्त्यात मावशी केलं!” पलीकडे मुलगी खो खो हसली. “बाबा, चष्मा बदला हो! नाहीतर एक दिवस भलत्याच मावशीला घरी आणाल.” तोही हसला, सगळ्यांत मोठ्याने. पण दर वेळी सांगताना गोष्ट थोडी लहान होत गेली आणि तिचं हसू लवकर संपायला लागलं, हे त्याच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. मग तिने आणखी एक सुरू केलं. बाहेरून आली की दारातूनच म्हणायची, “मीच आहे हं.” आतल्या खोलीतून बाहेर यायची तरी, “मीच आहे.” पहिल्यांदा गंमत वाटली. नंतर तो कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की अंग चोरून बसायला लागला. हातोडी मारणाऱ्याचा राग येत नाही, खिळा तर आपणच आणलेला असतो, तसं काहीतरी त्याचं झालं होतं.

ड्युटीवर, बसमध्ये, दाढी करताना, तो स्वतःची परीक्षा घ्यायचा. डोळे मिटायचे आणि माणसं आठवायची. लिफ्टवाला आठवायचा, त्याच्या नाकावरचा फोड आठवायचा. कोपऱ्यावरचा फळवाला, शाळेतले गणिताचे मास्तर, मेलेली आत्या, सगळे एका हाकेत हजर व्हायचे. बायकोला बोलावलं की यायचं तिचं मनगट, बांगडीने पडलेला पांढरट वळ, शिवताना वाकलेली मान, मागून दिसणारा अंबाडा. चेहऱ्याच्या जागी काही नाही. नुसती एक सवय. तो एवढा घाबरला की गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, या वयात अशी नजर म्हणजे भाग्य समजा. हे ऐकून त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट डोळ्यांत काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत तो पायऱ्या उतरला.

पोटापाण्यासाठी तो माणसांचे एक्स-रे काढत असे. सगळी नोकरी एकाच हॉस्पिटलात, एकाच तळघरात गेली. माणूस आत यायचा, याने त्याला फळीला टेकवून उभं करायचं, खांदे पुढे, हनुवटी वर, आणि मग शिशाच्या भिंतीतल्या जाड काचेच्या आडोशाला जाऊन म्हणायचं, “श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.” माणसांचे चेहरे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. नंतर मात्र तो ओल्या फिल्म प्रकाशात धरायचा, आणि त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बायकोशी त्याची गाठ पडली तीही तिथेच. ती सायकलवरून पडून गळ्याजवळचं हाड मोडून घेऊन आली होती. चेहरा आठवत नाही, पण ती फिल्म आठवते. डावीकडचं हाड मधोमध तुटून एक टोक दुसऱ्यावर चढलेलं. ते तसंच किंचित वाकडं जुळून आलं, आणि आजही हजार फिल्म समोर टाकल्या तरी तो त्यातून तिची बरोबर उचलेल. लग्नानंतर हे त्याने तिला कौतुकाने सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, “म्हणजे मी मेल्यावर तुमची पंचाईत नाही.” तेव्हा दोघं किती हसली होती!

फिल्मचे दिवस संपले होते. आता सगळं पडद्यावर दिसायचं आणि डार्करूमला कुलूप होतं. चपलांच्या दुकानाची ती गोष्ट घडल्यावर काही आठवड्यांनी ती खोली रिकामी करायला काढली, आणि मागच्या कपाटात, जुन्या सिलिंडरांच्या आड, तो कॅमेरा निघाला. लाकडी, मोठा, घडी केला की पेटीएवढा. पुढे पितळी भिंग, मागे दुधी काच, मधे काळा चामडी भाता. पूर्वी चेहऱ्याची ऑपरेशनं व्हायची तेव्हा आधीचा आणि नंतरचा फोटो याच्यावर काढत असत, म्हणे. स्टोअरकीपर म्हणाला, “न्यायचा तर न्या, नाहीतर भंगारात जाईल.” सोबत लाकडी तिपाई होती, फिल्म घालायच्या चपट्या पेट्या होत्या, आणि एक्स-रेच्या न वापरलेल्या फिल्मची खोकी तर त्याच्याच ताब्यात होती. आठ बाय दहाची फिल्म त्या पेट्यांत बेतल्यासारखी बसत होती. हा धोंडा कशाला नेतोय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. टॅक्सीत मांडीवर घेऊन बसला तेव्हा त्या लाकडाला औषधांचा आणि जुन्या चामड्याचा वास येत होता, आणि एवढंच कळत होतं की हे यंत्र चेहऱ्यांसाठी केलेलं आहे.

“मीच आहे हं,” म्हणत ती संध्याकाळी घरात आली आणि बैठकीच्या खोलीत तीन पायांवर उभं असलेलं ते धूड बघून दारातच थांबली. “आणि हे कोण?” तो म्हणाला, हॉस्पिटलात टाकून देणार होते. “मग तुम्हाला कशाला ठेवलंय त्यांनी अजून?” असं म्हणून ती आत गेली. पण थोड्या वेळाने परत आली आणि भात्याच्या घड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, “शिवण चांगली आहे.”

पहिले कित्येक दिवस त्याने फोटो काढलाच नाही. नुसता काळ्या कापडाखाली शिरून दुधी काचेत बघत बसायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस वाफारा घेतोय. आत मात्र वेगळंच जग होतं. खोली उलटी टांगलेली, खिडकी खाली, फरशी वर, आणि डावीकडचं उजवीकडे. कॅमेरा जरा वळवला की चित्र भलतीकडेच पळायचं. सुरुवातीला डोकं गरगरायचं, मग हळूहळू सवय झाली आणि पुढे पुढे ते उलटंच सुलट वाटायला लागलं. एकदा असाच बसलेला असताना ती खोलीत आली. आपण दिसतोय हे तिला माहीत नव्हतं, कापडाखालचा माणूस म्हणजे घरात नसलेला माणूस. ती खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभी राहिली, छताला पाय लावून उभी असल्यासारखी, आणि तिच्या अंगातून काहीतरी खाली गळून गेल्यासारखं झालं. खांदे पडले. मग तिने दोन्ही हातांनी चेहरा चोळला, आणि ते हात बाजूला होईपर्यंत याने श्वास रोखून धरला. पण काचेवर ती धूसर होती. याने घाईघाईने भिंग पुढेमागे करायचं चाक फिरवलं, ती आणखीच धूसर झाली, उलटं फिरवलं, आणि स्पष्ट झाली तेव्हा खुर्ची रिकामी होती. आतून आवाज आला, “वाफारा झाला असेल तर जेवायला या.”

भिंगामागचं शटर अडकत होतं. एक सेकंदावर लावलं की त्याची पाती उघडायची आणि मिटायचं विसरून जायची. यंत्र अडलं की तेल घालायचं, एवढी अक्कल कोणालाही असते. त्याने बायकोच्या शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. पाती जी एकमेकांना चिकटली ती हलेचनात. तेव्हा तो शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या स्टुडिओवाल्या बाईंकडे गेला. त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सारी गल्ली अजून त्यांना त्याच नावाने ओळखायची. बाई जाड, तोंड फाटकं, मन मऊ. शटर हातात घेऊन त्यांनी कपाळाला हात लावला. “तेल घातलंत? अहो, त्यापेक्षा मध घालायचा होता, निदान मुंग्यांची तरी सोय झाली असती! याला कोरडं ठेवायचं असतं. खोला, स्पिरिटने धुवा, वाळवा, परत धुवा.” त्यांनी त्याला टेबलाशी बसवून पाती एकेक करून उचलायला लावली. नखाएवढी पाती, कागदासारखी पातळ, आणि ती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने परत बसवायची. निघताना बाई म्हणाल्या, “काढणार कोणाचा फोटो?” तो म्हणाला, बायकोचा. “अरे वा! मग एक लक्षात ठेवा. फिल्मची पेटी आत सरकवली की दुधी काच झाकली जाते. कॅमेऱ्यातून काही दिसत नाही. मग कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि माणसाकडे बघायचं.” तो हो म्हणाला. असल्या सूचना आपण एका कानाने ऐकतो.

भात्याला भोकं आहेत हे पहिल्या दोन फिल्म काळ्या निघाल्यावर कळलं. भाता अंधारात लांबवायचा, आत बल्ब सोडायचा आणि बाहेरून उजेड कुठे झिरपतो ते बघायचं. बाथरूममध्ये दोघं दाटीवाटीने उभी राहिली, कारण एकट्याने बल्ब धरून खुणा करता येत नव्हत्या. “इथे एक,” ती म्हणाली. “इथे. इथे. अहो, ही तर चाळण आहे!” ती खडूने खुणा करत गेली. याला जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे तिला दिसत होतं, कारण प्रत्येक भोक एका बाजूनेच दिसायचं आणि ती दुसऱ्या बाजूला होती. ठिगळं तिनेच लावली. दुकानातून पातळ काळं अस्तर आणलं, “घडीच्या आतल्या अंगाने लावायचं, नाहीतर मिटणार नाही हा,” असं म्हणत तोंडात टाचण्या धरून काम करत बसली. तो समोर बसून डिंकाची वाटी धरत होता. कामाच्या ओघात तो तिला सगळं सांगत होता. आधी भिंग उघडं ठेवून काचेवर चित्र स्पष्ट करायचं, मग शटर मिटायचं, मग पेटी सरकवायची, पेटीच्या तोंडावरचा पातळ पत्रा ओढून काढायचा, तेव्हा कुठे फिल्म आणि भिंग समोरासमोर येतात, मग शटरला जोडलेली तार दाबून ते उघडायचं, तार सोडली की ते मिटतं. हे आठवडे त्यांचे बरे गेले. ती दारातून “मीच आहे” म्हणायचं विसरायला लागली होती. त्याला वाटलं, मिटलं सगळं. जखमेवर खपली धरली की माणसाला वाटतं, आता खाजवायला हरकत नाही.

मग त्याने तिला फोटोसाठी बसवलं. ती नटून बसली. केस रंगवले होते, डाळिंबी साडी नेसली होती जी ती एरवी लग्नाकार्यालाच काढायची. खिडकीतून उजेड येत होता. तो कापडाखाली गेला, तिच्या डोळ्यांवर चित्र जुळवलं, हातातल्या छोट्या भिंगाने पाच वेळा तपासलं. घर उलटं होतं आणि त्यात ती उलटी होती, पण तो बघत होता तिच्या पापण्यांची धार, ती टोकदार होतेय का नाही. मग बाहेर आला, पेटी सरकवली, पत्रा काढला, आणि जन्मभर म्हणत आला तेच म्हणाला. “श्वास घे. रोख. हलू नकोस.” सहा सेकंद. ते सहा सेकंद तो घड्याळाच्या काट्याकडे बघत होता. “सोड,” म्हणाला. फिल्म बाथरूमच्या लाल दिव्यात धुतली तेव्हा त्याचे हात जुन्या मुशीत परत गेल्यासारखे चालत होते, आणि ट्रेमध्ये हळूहळू उमटणारं ते काळं-पांढरं बघून त्याला आनंद झाला, अगदी लहान मुलासारखा झाला. दुसऱ्या दिवशी कागदावर छापलं. प्रत वाळली. ती घेऊन तो स्वयंपाकघरात गेला, आणि तिच्या हातात देताना पहिल्यांदा नीट बघितली.

ओठ काळे पडले होते. गालांवर, कपाळावर, एरवी कोणाला दिसणारही नाहीत असे डाग वर आले होते. डोळ्यांखाली काजळी, मानेवर रेघा, प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी. दहा-पंधरा वर्षांनी मोठी, आजारी, परकी बाई डाळिंबी साडीत ताठ बसली होती. त्या साडीचाही नुसता काळा ढिगारा झाला होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग गॅस बंद करून म्हणाली, “बरोबर आहे. हीच ती मावशी.”

“तसं नाही अगं,” तो घाईने म्हणाला. “ही एक्स-रेची फिल्म आहे. तिला लाल रंग कळतच नाही. कातडीत लाली असते ना, ओठांत असते, ते सगळं तिला काळंच दिसतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. फिल्म ओळखत नाही, म्हणून…”

“फिल्म ओळखत नाही होय?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “अहो, काचेत बघितलंत की तुम्ही माझ्याकडे. त्या चपलांच्या दुकानाच्या. मी पण बघत होते तुमच्याकडे काचेतच. म्हटलं, आता हसतील. आता हसतील. आणि तुम्ही वाट मागितलीत.”

प्रत तिने ओट्यावर ठेवली, पालथी नाही, तशीच उताणी, आणि हात धुऊन आत निघून गेली. तो तिथेच उभा राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. एवढे दिवस ती हे पोटात घेऊन हसत होती, बहिणीला, मुलीला, मालकिणीला सांगत होती, आणि प्रत्येक वेळी त्याच्या हसण्याकडे बघत होती. प्रत्येक वेळी त्याला संधी देत होती. आणि तो सगळ्यांत मोठ्याने हसत होता! त्याला स्वतःची लाज वाटली.

स्टुडिओवाल्या बाईंकडे तो ती प्रत घेऊन गेला ती कशासाठी, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चूक तांत्रिक आहे असं कोणीतरी म्हणावं, एवढीच आशा असावी. बाईंनी चष्मा लावला. फिल्मबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. “हा काढताना तुम्ही कुठे बघत होतात?” “घड्याळाकडे.” “तेच. त्याही कुठे बघत नाहीयेत. बसमध्ये बसलेलं माणूस असं बघतं.” मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “तुम्हाला वाटतं, कॅमेरा आणला म्हणजे बघायचं काम त्याने करायचं. सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं, पहिली काही वर्षं. चहा घेता?” त्याने चहा घेतला. बाईंच्या भिंतीवर अनोळखी माणसांचे जुने फोटो होते, आणि त्यातलं एकूणएक माणूस चौकटीबाहेर उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघत होतं. हे त्याला आज दिसलं, इतक्यांदा येऊन.

घरी आल्यावर त्याने काहीच केलं नाही असे बरेच दिवस गेले. म्हणजे कॅमेऱ्याची निगा राखत राहिला. लाकडाला जवसाचं तेल लावलं, चाकांच्या दात्यांमधली घाण काडीने काढली, पितळ पुसलं, भात्याच्या घड्या एकेक उघडून कापडाने झटकल्या. साधी फिल्म आणली, जिला सगळे रंग कळतात आणि म्हणून जिच्यासमोर लाल दिवासुद्धा चालत नाही. ती पूर्ण अंधारात पेटीत भरायची तर फिल्मच्या कोपऱ्याला असलेली खाच बोटाने चाचपून बाजू ओळखावी लागते. बाथरूमच्या दाराच्या फटी बुजवून, आंधळ्यासारखा बसून तो ते शिकला. बोटांना पटकन कळायला लागलं. अंधारात बसल्या बसल्या त्याच्या मनात यायचं, या फिल्मची खाच कळते, तिच्या हाडाचं वाकडेपण कळतं, आपल्याला हातांनी कळतं, अंधारात कळतं, बोट लावून तपासता येईल असं सगळं कळतं. उजेडात समोर बसलेलं माणूस तेवढं कळत नाही. बाहेर तिच्या मशिनची टकटक चालू असायची. मधेच थांबायची. ती थांबली की तोही थांबायचा, आणि परत सुरू झाली की खाच शोधायचा. ती त्याच्याशी बोलत होती, दूध संपलंय, नळवाला येऊन गेला, मुलीचा फोन होता. पण “मीच आहे” म्हणायचं तिने पुरतं सोडलं होतं, आणि ते सोडलेलं त्याला म्हणण्यापेक्षा जास्त टोचत होतं. आता ती न सांगता यायची आणि न सांगता जायची.

एका रविवारी दुपारी ती खिडकीशी कोणाचा तरी कोट उसवत बसली होती. गळ्यात मोजायची टेप, अंगात घरातला विटका गाऊन, केसांच्या मुळाशी रंग उतरून पांढरं वर आलेलं. तो समोर जाऊन उभा राहिला.

“बघितलं होतं,” तो म्हणाला. “काचेत. ओळखलं नाही.”

ती उसवतच राहिली.

“मला वाटलं, कोणीतरी दमलेली बाई आहे.”

“होतेच दमलेली,” ती म्हणाली. “तेवढं तरी बरोबर दिसलं तुम्हाला.” धागा ओढून तिने बाजूला टाकला. “आणि?”

“आणि डोळे मिटले की तुझा चेहरा येत नाही. सगळ्यांचे येतात. लिफ्टवाल्याचा येतो. तुझा नाही येत. मला भीती वाटते गं.”

हे बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती रडेल किंवा कोट फेकून मारेल, आणि दोन्ही तिच्या हक्काचं होतं. तिने दोन्ही केलं नाही. कोटाची घडी घातली, सुई टाचून ठेवली. मग उठली, खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर आणली आणि गाऊनसकट, टेपसकट तिच्यात बसली. “काढा,” म्हणाली. “पण मी हसणार नाही. आणि श्वासबीस रोखणार नाही, सांगून ठेवते. मला काही झालेलं नाही.”

तो कापडाखाली गेला. चाक हातांना पाठ होतं. ती काचेवर आली, उलटी, स्पष्ट. तो बाहेर आला, शटर मिटलं, आत जाऊन पेटी आणली, सरकवली. आणि कॅमेऱ्याच्या बाजूला, भिंगापासून हातभर अंतरावर उभा राहिला. तार दाबली. पाती उघडल्याचा बारीक आवाज झाला. या उजेडात चार सेकंद पुरेसे होते. एक, असं मनात म्हणून त्याने तिच्याकडे बघितलं.

मधे काही नव्हतं. काच नव्हती, कापड नव्हतं, शिशाची भिंत नव्हती. तिचा राग त्याला आधी दिसला, डाव्या भुवईत बसलेला. त्या भुवईचे बाहेरचे केस विरळ झाले होते. उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित उशिरा मिटत होता. खालच्या ओठाच्या मधोमध एक बारीकशी खळी होती, आणि ती जन्मजात नाही हे कळायला त्याला क्षणभर लागलं. इतकी वर्षं तिथे टाचण्या धरल्या होत्या. नाकाच्या बाजूच्या रेघा सारख्या नव्हत्या, एक खोल होती, ज्या बाजूने ती हसते त्या बाजूची. हनुवटीखाली कातडी सैल पडली होती आणि तिथे नाडी उडत होती. ती म्हातारी होत होती. एवढंच होतं ते, ती म्हातारी होत होती आणि त्याने मधलं सगळं बघायचं सोडून दिलं होतं, म्हणून ती एकदम एका संध्याकाळी कोणीतरी दुसरी होऊन काचेत आली होती. त्याला तिची अतोनात माया आली. ती त्याच्याकडे बघत होती. बसमध्ये बसल्यासारखी नव्हे. सरळ त्याच्याकडे, डोळे न हलवता, आणि भुवईतला राग अजून तिथेच होता, पण त्याच्याखाली काहीतरी सुटत चाललं होतं, घट्ट ओढलेली शिवण उसवावी तसं. त्याचा चेहरा तिला कसा दिसत असेल, हे त्याच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आलं. चार सेकंद केव्हाच होऊन गेले होते. त्याला कळलं होतं, फिल्म आता जळून काळी झाली असणार, वाया गेली असणार, तार सोडायला हवी. त्याने सोडली नाही. डोळ्यांत पाणी आल्याने ती धूसर व्हायला लागली, तेव्हा बाहीने डोळे पुसून तो परत बघत राहिला. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, थोडी पुढे, परत मागे.

“अहो,” ती शेवटी म्हणाली. ओठ फार हलू न देता म्हणाली. “पत्रा काढायचा राहिलाय.”

त्याने वळून बघितलं. पेटीच्या तोंडावरचा पातळ पत्रा जिथल्या तिथे होता. फिल्मवर उजेडाचा कणही पडला नव्हता. एवढा वेळ तो कॅमेरा मिटल्या डोळ्यांनी उभा होता.

“तुला केव्हा कळलं?”

“तुम्ही तार दाबलीत तेव्हाच.”

“मग बोलली का नाहीस?”

ती खुर्चीतून उठली नव्हती. हललीही नव्हती.

“तुम्ही बघत होतात,” ती म्हणाली.